पिकअपला ‘बाहेरचा’ एअर फिल्टर लावताय? आधी हवेतून आग काढणाऱ्या माणसाची गोष्ट वाचा

अकोला ते अमरावती हा हायवे वऱ्हाडातल्या माणसाला नवा नाही. जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात, लोणी ते माना या गावांदरम्यान, ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लागलं होतं. रस्ता असा मिळाल्यावर गाडी पळवायची हौस येणारच. आणि हौस आली की रील्स आहेतच.

रीलमध्ये दिसतं ते साधारण असं. बोनेट उघडायचं. कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा, म्हणजे एअर क्लीनर. त्याच्या जागी लाल रंगाचा, बर्फाच्या गोळ्यासारखा निमुळता फिल्टर उघडाच बसवायचा. क्लिप आवळायची. अंगणात, एका पान्यात आणि स्क्रू ड्रायव्हरमध्ये अर्ध्या तासाचं काम. मग ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि खाली कमेंट पडते, भाऊ गाडी मोकळी झाली.

आता हा फिल्टर बसवावा की नाही, हे ठरवायचं तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो. डिझेल गाडीत हवा नेमकं काय करते? आणि या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडतं, त्याचं नाव आपण पेट्रोल पंपावर रोज घेतो. ते एका माणसाचं आडनाव आहे, हे मात्र टाकी फुल करताना कोणाच्या डोक्यात येत नाही.

रुडॉल्फ डिझेल. तो जर्मन होता, पण जन्मला पॅरिसमध्ये, १८ मार्च १८५८ ला. बाप थिओडोर मूळचा जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा, चामड्याच्या वस्तू बनवणारा कारागीर. घरात पैसा बेताचा. पोरगं हुशार, शाळेत बक्षिसं मिळवणारं, पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन जुन्या मशिनींची चित्रं काढत बसणारं.

मग १८७० साल आलं. वऱ्हाडात त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. कापूस मुंबईला लवकर पोहोचावा म्हणून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला होता, त्याचं उद्घाटन होतं. तिकडे युरोपात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना गाशा गुंडाळावा लागला. डिझेल कुटुंब मिळेल ते सामान घेऊन लंडनला गेलं. तिथे खायचे वांधे झाले, तेव्हा १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला ऑग्सबर्गला नातेवाईकांकडे पाठवण्यात आलं. तिथे त्याचे काका क्रिस्तोफ बार्निकल गणित शिकवायचे.

या काकांच्या घरी पोराचं आयुष्य मार्गी लागलं. चौदाव्या वर्षी त्याने आईवडलांना कळवून टाकलं की आपण इंजिनीअर होणार. आईवडलांना वाटत होतं पोरानं आता कमवायला लागावं. त्याने ऐकलं नाही, १८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवली आणि म्युनिकच्या पॉलिटेक्निकला गेला. हा प्रसंग आपल्याकडच्या कितीतरी घरांत अजूनही जसाच्या तसा घडतो, फक्त म्युनिकच्या जागी पुणे असतं.

म्युनिकला त्याला कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक भेटले. आज आपल्या घरात जो फ्रिज आहे, त्यामागच्या तंत्रात या लिंडेंचा मोठा वाटा आहे. तर हे लिंडे एकदा वर्गात वाफेच्या इंजिनाबद्दल शिकवत होते. त्यांनी सांगितलं की चांगल्यातलं चांगलं वाफेचं इंजिन घेतलं तरी कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामाला लागतो, बहुतेकदा तेवढाही नाही. बाकी सगळं धुराड्यातून आकाशात.

त्या काळात जग याच इंजिनावर चालत होतं. रेल्वे, गिरण्या, बोटी आणि आपल्याकडचे कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस सुद्धा. म्हणजे दहा पोती कोळसा जाळायचा आणि नऊ पोती फुकट घालवायची. डिझेलच्या डोक्यात ही गोष्ट जी बसली ती शेवटपर्यंत निघाली नाही.

दुसरी एक गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. आग्नेय आशियात आग पेटवायचं एक छोटं साधन वापरायचे. एका बाजूने बंद असलेली नळी, त्यात घट्ट बसणारा दट्ट्या, टोकाला चिमूटभर कापसासारखं काहीतरी. दट्ट्या हाताने फटकन आत दाबला की आतली हवा इतकी तापते की ते पेट घेतं. काडी नाही, चकमक नाही. दाबलेल्या हवेची आग. हे साधन डिझेलने विद्यार्थी असताना पाहिलं आणि तिथून पुढचं सगळं सुचलं, असं म्हणतात. हे तुम्हाला घरीही अनुभवता येतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच हे.

परीक्षेच्या वेळी, १८७९ मध्ये, त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली, ती त्याने जानेवारी १८८० मध्ये दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला. पुढची दहा वर्षं लिंडेंच्या कंपनीत, पॅरिसमध्ये, बर्फाच्या कारखान्याचं काम. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न, तीन मुलं. नोकरी बरी होती, पण संध्याकाळी घरी आला की इंजिनच. आधी त्याने अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करून पाहिलं. त्यात वर्षं गेली, हाती काही लागलं नाही.

१८९० मध्ये तो बर्लिनला गेला आणि अमोनियाचा नाद सोडून थेट हवेकडे वळला.

कल्पना समजायला सोपी आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळून सिलेंडरमध्ये येतात आणि स्पार्क प्लगची ठिणगी त्यांना पेटवते. डिझेलने ठरवलं की सिलेंडरमध्ये आधी फक्त हवा घ्यायची. निव्वळ हवा. पिस्टनने ती इतकी दाबायची की ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापेल. आणि मग अगदी शेवटच्या क्षणी त्यात इंधन सोडायचं. इंधन त्या तापलेल्या हवेत आपोआप पेट घेईल. म्हणून डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो. तिथे काडीचं काम हवा करते.

हे एक वाक्य लक्षात ठेवा, फिल्टरच्या गोष्टीत ते परत लागणार आहे.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं. १८९३ मध्ये या कल्पनेवर त्याने एक पुस्तकही छापलं. कागदावरचं त्याचं इंजिन जवळजवळ सगळी उष्णता वाचवणारं होतं, पण त्यासाठी हवा वातावरणाच्या २५० पट दाबायला हवी होती. त्या काळातलं लोखंड ते सोसणं शक्यच नव्हतं. डिझेललाही हे लवकरच कळलं, त्याने दाब खूप खाली आणला. पण यातून एक लफडं झालं. पेटंट एका इंजिनाचं आणि बनलं दुसरंच इंजिन, असं त्याचे विरोधक आयुष्यभर म्हणत राहिले. खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण कागदावरचं इंजिन आणि चालणारं इंजिन यांच्यामध्ये चार वर्षांची जी मेहनत होती, ती विरोधकांची नव्हती, डिझेलची आणि त्याच्यासोबतच्या कामगारांची होती.

ऑग्सबर्गच्या मशीन कारखान्याने, जो पुढे मॅन नावाने ट्रक बनवू लागला, त्याला जागा आणि माणसं दिली. क्रुप कंपनीने पैशाचा भार उचलला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. इंधन आत सोडलं, ते पेटलं, आणि दाब मोजायचं यंत्र स्फोट होऊन फुटलं. त्याचे तुकडे डिझेलच्या डोक्याजवळून गेले. थोडक्यात वाचला. दुसरा कोणी असता तर त्याने प्रकरण बंद केलं असतं. डिझेलला मात्र त्यात आनंदच झाला, कारण काहीही असो, इंधन ठिणगीशिवाय पेटलं होतं.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरलं. जेमतेम एक मिनिट. तोपर्यंत ते बाहेरून पट्ट्याने फिरवावं लागायचं. असं सांगतात की त्या दिवशी पट्टा अचानक उलट्या बाजूने ताणला गेला, म्हणजे इंजिनच पट्ट्याला ओढायला लागलं. ते तिथल्या कामगाराच्या आधी लक्षात आलं आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

पुढे तीन वर्षं नुसती दुरुस्ती. शेवटी फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे १८ हॉर्सपॉवर ताकद आणि इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामाला. वाफेच्या इंजिनाच्या अडीच-तीन पट. ते इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेलं आहे.

इथे थोडं थांबून त्याच्या अडचणीचं बोलू, कारण ट्रकचा संबंध तिथेच येतो.

सिलेंडरमध्ये प्रचंड दाबलेली हवा असते. त्यात इंधन शिरवायचं कसं? डिझेलने आधी साध्या पंपाने ढकलून पाहिलं. जमलं नाही. इंधन नीट फवारलं जाईना. मग त्याने पुन्हा हवेचाच आधार घेतला. सिलेंडरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाबाची हवा वेगळी तयार करायची आणि तिच्या जोरावर इंधन आत फुंकायचं. उपाय लागू पडला. पण त्यासाठी इंजिनाला एक भलामोठा कॉम्प्रेसर जोडावा लागला. तो जड, महाग, सारखा बिघडणारा आणि इंजिनाच्या ताकदीतला वाटा खाणारा.

गिरणीत किंवा जहाजात हे ओझं चाललं. गाडीवर कुठून चालणार?

आणि डिझेलच्या मनात खरं तर छोटं इंजिनच होतं. वाफेचं इंजिन फक्त मोठ्या भांडवलदाराला परवडायचं, त्यामुळे लहान कारागीर मरत होता. त्याच्या दुकानात, त्याच्या खोलीत बसेल असं स्वस्त इंजिन द्यायचं, म्हणजे तो कारखान्यापुढे टिकेल, असा त्याचा हिशोब होता. कारागिराच्या पोराचंच डोकं ते. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी कारखान्यांवर एक पुस्तकही लिहिलं. ते फारसं खपलं नाही, आणि इंजिनापेक्षा त्याला याच पुस्तकाचं जास्त कौतुक होतं असं सांगतात.

पैसा मात्र धो धो आला. अमेरिकेत बिअरचा धंदा करणाऱ्या ॲडॉल्फस बुशने तिथले हक्क १० लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीला डिझेलने आपले हक्क ३५ लाख मार्कांना विकले. चाळिशीत माणूस लखपती नाही, करोडपतीच म्हणा. म्युनिकच्या उच्चभ्रू भागात त्याने महालासारखा बंगला बांधला.

पण इंजिनं विकली गेली आणि बंद पडायला लागली. कारागीर तयार नव्हते, सुटे भाग मिळेनात, गिऱ्हाईक शिव्या देऊ लागलं. पेटंटवरून कोर्टकचेऱ्या सुरू होत्याच. डोकेदुखी इतकी वाढली की त्याला काही काळ उपचारासाठी भरती व्हावं लागलं. मिळालेला पैसा त्याने जमिनीत आणि गॅलिशियातल्या तेलविहिरींत घातला आणि दोन्हीकडे बुडाला. इंजिनातल्या दाबाचा हिशोब अचूक करणारा माणूस व्यवहारात कच्चा निघाला.

१९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ऑटो कंपनीने तिथे एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. इंजिनात काहीही बदल न करता. फ्रेंच सरकारला आपल्या वसाहतींमध्ये, जिथे कोळसा नाही पण भुईमूग पिकतो, तिथे हे वापरायचं होतं. शेतकरी स्वतःच्या तेलावर स्वतःचं इंजिन चालवेल, ही कल्पना डिझेलला फार आवडली आणि १९१२ पर्यंत तो तिच्याबद्दल बोलत होता. (म्हणून आज तुमच्या गाडीत सरकीचं तेल ओतू नका. आजचे इंजेक्टर इतके बारीक असतात की ते तेलाने चोंदतात.)

जहाजं मात्र डिझेलवर आली. १९०३ मध्ये रशियात नोबेल कुटुंबाच्या कंपनीचं ‘वांदाल’ हे तेलवाहू जहाज डिझेल इंजिनावर चाललं. १९१२ मध्ये डेन्मार्कचं ‘सेलांडिया’ समुद्र ओलांडून गेलं. सगळ्या मोठ्या देशांची नौदलं पाणबुड्यांसाठी हेच इंजिन घेऊ लागली. छोट्या कारागिरासाठी काढलेलं इंजिन गेलं सरळ युद्धखात्यात.

ट्रकसाठी त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९०८ च्या सुमारास गाडीजोगं लहान इंजिन करून पाहिलं. पण हवेचा तो कॉम्प्रेसर आडवा आला. इंजिनाला हवेशिवाय चालेना आणि हवेचं ओझं गाडीला पेलेना.

२९ सप्टेंबर १९१३. संध्याकाळी डिझेल बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीत बसला. इंग्लंडला एका कंपनीच्या बैठकीला जायचं होतं. सोबत दोन ओळखीचे लोक. तिघे जेवले, डेकवर गप्पा मारल्या. रात्री दहाच्या सुमारास तो आपल्या केबिनमध्ये गेला. सकाळी सव्वासहाला उठवा, असा निरोप ठेवला.

सकाळी केबिन रिकामी. पलंगावर कोणी झोपलेलं नव्हतं. रात्रीचे कपडे तसेच काढून ठेवलेले. मागच्या डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि नीट घडी केलेला ओव्हरकोट.

दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. अवस्था अशी होती की खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत समुद्रात सोडला. त्या वस्तूंमध्ये गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू आणि चष्म्याचं घर होतं. धाकटा मुलगा यूजेनने त्या ओळखल्या.

जायच्या आधी त्याने बायकोला एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नको असं सांगितलं होतं. तिने ती उघडली तेव्हा आत २०,००० मार्क रोख होते आणि बँक खात्यात काही शिल्लक नाही हे दाखवणारे कागद. डायरीत २९ सप्टेंबर या तारखेवर एक फुली काढलेली होती.

लोकांनी तेव्हापासून नाना तर्क लढवले. जर्मनीने मारलं, कारण तो इंग्रजांना पाणबुडीचं तंत्र देणार होता. तेल कंपन्यांनी मारलं. मेलाच नाही, नाव बदलून दुसऱ्या देशात राहिला. यूट्यूबवर आजही यावर व्हिडिओ सापडतील. मला विचाराल तर त्या बॅगेतले कागद आणि ती फुली यांच्यापुढे बाकीचे तर्क टिकत नाहीत. तो ५५ वर्षांचा होता आणि कर्जात बुडालेला होता.

त्याने स्वतःचं इंजिन ट्रकमध्ये चालताना कधी पाहिलं नाही.

ते झालं त्याच्यानंतर अकरा वर्षांनी. १९२३-२४ मध्ये बेंझ आणि मॅन या दोन्ही जर्मन कंपन्यांनी डिझेल ट्रक बाहेर काढले. हवेचा कॉम्प्रेसर गेला होता. त्याच्या जागी इंधन थेट दाबाने फवारणारा पंप आला होता, डिझेलला जो सुरुवातीला जमला नव्हता तोच. १९२७ पासून रॉबर्ट बॉशच्या कंपनीने असे पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि रस्ता मोकळा झाला. आजही आपल्याकडचा मिस्त्री ‘पंपवाल्याकडे’ गाडी पाठवतो, तो पंप हाच.

आपल्या महाराष्ट्रात १९३० च्या दशकात साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिन बनवलं. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झालं. १९५४ मध्ये टाटांनी जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझसोबत ट्रक बनवायला सुरुवात केली. गावात वीज यायच्या आधी विहिरीवर जे टुकटुक करणारं ऑइल इंजिन असायचं, ते कोणाच्या आजोबांनी कर्ज काढून घेतलं असेल तर लक्षात घ्या, डिझेलला नेमकं तेच गिऱ्हाईक हवं होतं.

आता येऊ त्या लाल फिल्टरवर.

एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला साधारण १२ किलो हवा लागते. म्हणजे सुमारे १०,००० लिटर. ही कमीत कमी. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून बरीच जास्त हवा ओढतं. अकोल्याहून अमरावतीला जायला पिकअपला आठ लिटर डिझेल लागलं धरा, तर त्या एका फेरीत गाडीने लाखभर लिटर हवा गिळलेली असते. उन्हाळ्यात या हवेत काय असतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कापणीनंतर उघडी पडलेली शिवारं, गिट्टीच्या गाड्या, शेतरस्त्याचा फुफाटा.

पहिला मुद्दा ताकदीचा. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर हवा कमीजास्त करतो. डिझेल गाडीत तो इंधन कमीजास्त करतो, हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त असते. त्यामुळे कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल तर अजून हवा मिळून ताकद फारशी वाढत नाही. इंधन वाढवल्याशिवाय ती वाढणार कशी? वाढतो तो आवाज. डब्यात दबलेली टर्बोची शिट्टी मोकळी होते आणि कानाला वाटतं गाडी सुटली. फिल्टर चोंदला असेल, गाडी काळा धूर सोडत असेल, तर गोष्ट वेगळी. पण तिथे कंपनीचाच नवा फिल्टर तेच काम करतो.

उलट ताकद कमी व्हायची शक्यता असते. कंपनीचा डबा हवा बहुधा बाहेरून, बोनेटच्या कडेने घेतो. उघडा फिल्टर ती बोनेटच्या आतून घेतो. अकोल्यात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं. बोनेटखाली ७० अंश धरले तर तेवढ्याच जागेत मावणारी हवा वजनाने सात टक्क्यांनी कमी भरते. गरम हवा विरळ असते, एवढंच त्यामागचं कारण. ज्यांना फरक पाडायचाच आहे ते फिल्टरभोवती पत्र्याचा आडोसा करून बाहेरून पाईप आणतात. म्हणजे फिरून डब्यावरच येतात.

दुसरा मुद्दा धुळीचा, आणि खरा धोका इथे आहे. धुळीतले वाळूचे बारीक कण लोखंडालाही ओरखडे पाडतील इतके कडक असतात. घरी काम करताना फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला पाईप जरासा तिरपा बसला, क्लिप अर्धवट आवळली गेली, रबराला चीर राहिली, तर इंजिन त्या फटीतून हवा ओढतं. फिल्टर कितीही भारी असो, ही हवा त्याच्यातून जातच नाही. कण आधी टर्बोच्या पात्यांना खातात, मग पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासतात. सुरुवातीला काही कळत नाही. गाडी चालते, शिट्टी वाजते, रील चालते.

मग इंजिन ऑइल खायला लागतं. ऑइलच्या झाकणातून वाफारा येतो. आणि मग थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी एका सेल्फमध्ये उठेनाशी होते. मिस्त्री म्हणतो, कॉम्प्रेशन गेलं. हे डिझेलच्या भाषेत सांगायचं तर घासलेल्या रिंगांमधून हवा निसटते, दाब भरत नाही, हवा पुरेशी तापत नाही, आणि काडीच पेटत नाही. स्पार्क प्लग नसलेल्या इंजिनाकडे दुसरी काडी नसते.

तेल लावलेला सुती फिल्टर वापरत असाल तर अजून एक. धुऊन परत तेल लावताना ते जास्त झालं की हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसतो. सेन्सर चुकीचा आकडा देतो आणि नव्या बीएस-६ गाडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी केलेल्या गाडीत, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वॉरंटी असलेल्या गाडीचा टर्बो गेला आणि बोनेटखाली बाहेरचा फिल्टर दिसला, तर शोरूममध्ये वाद होणार हे नक्की.

बरं, ज्यांनी आधीच बसवला आहे त्यांनी एक करा. चारपाचशे किलोमीटर झाले की इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरच्या पुढचा पाईप सोडा, टर्बोकडे जाणारा. सुती, पांढरं, कोरडं फडकं बोटाला गुंडाळा आणि पाईपच्या आतून फिरवा. थोडा तेलकटपणा चालतो, टर्बोच्या बाजूने तो येतोच. पण फडक्यावर मातकट थर आला, बोटांना खरखर लागली, तर कुठूनतरी धूळ आत जातेय. मग फट सापडेपर्यंत गाडी चालवू नका. कंपनीचा डबा फेकला नसेल तर तोच परत लावा, त्याच्या चारही क्लिपा बसल्याची खात्री करा, आणि गाडी ऑइल खात असेल तर मिस्त्रीकडून एकदा कॉम्प्रेशन गेज लावून घ्या.